नॉर्स देवांच्या पूजेचा पुरावा आहे, आणि भरपूर आहे

व्हायकिंगांचा विषय निघाला की एक दावा हमखास पुढे येतो: ‘ओडिन-थॉर या नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियातल्या देवांची पूजा कशी व्हायची हे कुणालाच माहीत नाही. त्या लोकांनी काही लिहून ठेवलं नाही. जे आहे ते दोनशे वर्षांनी ख्रिस्ती पाद्र्यांनी रचलेलं. देवळं तर नव्हतीच.’ दावा चटकन पटतो, म्हणूनच तो नीट तपासायला हवा.

‘लिहून ठेवलं नाही’ हे चूक आहे. पोथ्या नाहीत, पण कोरलेले दगड आहेत. डेन्मार्कच्या फ्यून बेटावरचा ग्लावेनड्रुपचा शिलालेख दहाव्या शतकाच्या सुरुवातीचा. रागनहिल्डने तो अल्लीच्या स्मरणार्थ उभारला. अल्ली हा देवस्थानांचा ‘गोदी’, म्हणजे गावचा पुढारी आणि पुजारी एकाच माणसात. लेखात थॉरला साकडं आहे: ही अक्षरं पवित्र कर. स्वीडनमधला स्टेन्टॉफ्टेनचा दगड त्याहून कितीतरी जुना, सातव्या शतकाच्या आसपासचा. त्यावरच्या ओळीचा बहुतेक अभ्यासकांनी मान्य केलेला अर्थ असा, की हथुवुल्फ नावाच्या माणसाने नऊ बोकड आणि नऊ घोडे देऊन सुगी आणली. हा नऊचा आकडा लक्षात ठेवा.

‘सगळं पाद्र्यांचं’ हेही टिकत नाही. नॉर्स देवांच्या कथा लिहून ठेवणाऱ्या स्नोरी स्टुर्लुसनने तेराव्या शतकात, म्हणजे उशिरा लिहिलं हे खरं, पण तो पाद्री नव्हता; आइसलँडमधला बडा सरदार होता. आणि इब्न फदलानचं काय? बगदादच्या खलिफाच्या शिष्टमंडळातला हा माणूस 922 साली व्होल्गाकाठी रूस व्यापाऱ्यांना भेटला. बहुतेक अभ्यासक त्यांना स्कँडिनेव्हियातून आलेले मानतात. नाव काठाला लागली की व्यापारी भाकरी, मांस, कांदे, दूध आणि दारू घेऊन उतरतो. माणसाचा चेहरा कोरलेल्या उंच खांबापुढे लोटांगण घालतो, आपण काय काय माल आणलाय ते देवाला सांगतो आणि घासाघीस न करणारं श्रीमंत गिऱ्हाईक मागतो. माल खपला की मेंढ्या-गुरं कापून नवस फेडतो आणि मुंडकी खांबांना टांगतो. रात्री कुत्री येऊन मांस खातात. सकाळी तो म्हणतो, देव प्रसन्न झाला, नैवेद्य पावला. हे इब्न फदलानने स्वतः पाहिलेलं आहे.

त्या टांगलेल्या मुंडक्यांना जमिनीतून साक्ष मिळते. आइसलँडमध्ये मीव्हात्न तळ्याजवळ होफ्स्टाडिर इथे मोठ्या दिवाणखान्यापाशी वीसहून जास्त गुरांच्या कवट्या सापडल्या. डोळ्यांच्या मधोमध घाव, मान तोडलेली, आणि नंतर बराच काळ उन्हापावसात टांगून ठेवल्याच्या खुणा.

राहिली देवळं. ब्रेमेनच्या अ‍ॅडम या जर्मन पाद्र्याने अकराव्या शतकात वर्णिलेलं स्वीडनमधल्या उप्सालाचं सोन्याने मढवलेलं मंदिर डोळे मिटून खरं मानू नये. तो तिथे कधी गेलाच नव्हता. पण दर नऊ वर्षांनी उत्सव आणि प्रत्येक जातीचे नऊ नर बळी, हे त्याचं वर्णन स्टेन्टॉफ्टेनच्या दगडाशी जुळतं. दक्षिण स्वीडनमध्ये उपोक्राला तर पूजाघरच उकरून निघालं. साडेतेरा मीटर लांबीचं हे लाकडी घर त्याच जागी पिढ्यान्‌पिढ्या पुन्हा पुन्हा बांधलं गेलं. जमिनीखाली पुरलेला धातूचा प्याला आणि काचेचा वाडगा मिळाला, शिवाय सोन्याच्या पत्र्यावरच्या शंभराहून जास्त चिमुकल्या मूर्ती.

देवराईसुद्धा सापडली आहे. स्वीडनमधल्या फ्रोसो बेटाच्या नावातच फ्रे देव आहे. तिथल्या जुन्या चर्चमध्ये 1984 साली उत्खनन झालं. वेदीच्या बरोबर खाली बर्च झाडाचा तोडलेला बुंधा निघाला आणि त्याच्या मुळांभोवती बळी दिलेल्या जनावरांची हाडं, त्यात कितीतरी अस्वलांची.