कंटाळ्याच्या पलीकडे

गेले तीन महिने मी लिहायला बसण्याआधी फोन दुसऱ्या खोलीत ठेवते आणि वीस मिनिटं नुसती बसून राहते. पुस्तक नाही, गाणी नाही, काही नाही. पहिली पाच-सात मिनिटं जीव नकोसा होतो. हात आपोआप फोन चाचपतो, भरायची राहिलेली बिलं आठवतात, कपाट आवरायची उबळ येते.

ही माझ्या एकटीची अवस्था नाही. २०१४ साली व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी लोकांना १५ मिनिटं एका खोलीत एकटं बसवलं. सोबतीला फक्त एक बटण, दाबलं की विजेचा झटका. हा झटका टाळायला आपण पैसे मोजू, असं आधी सांगणारीच ही माणसं. तरीही १८ पुरुषांपैकी १२ जणांनी आणि २४ बायकांपैकी ६ जणींनी ते बटण आपणहून दाबलं! आपल्या खिशातलं बटण तर झटकाही देत नाही. ते न दाबता राहणं किती अवघड असेल, बघा.

त्याच वर्षी ब्रिटनमधल्या सँडी मान आणि रेबेका कॅडमन यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी काहीजणांना टेलिफोन डिरेक्टरीतले नंबर उतरवून काढायला लावले आणि मग विचारलं, थर्माकोलच्या दोन कपांचं काय काय करता येईल? कंटाळलेल्यांना जास्त उपयोग सुचले. पुढच्या फेरीत नंबर नुसते वाचणारे लिहिणाऱ्यांपेक्षाही सरस ठरले. एवढ्यावरून सगळं सिद्ध होत नाही, हे मान्य. पण मला ते पटतं, कारण हात गुंतलेला असला की मनाला भटकायला वाव कमी मिळतो. रील्स बघताना तर डोळे, कान, अंगठा सगळंच गुंतलेलं असतं. तो विसावा नव्हेच.

(रोज आठ तास तेच ते काम करून येणारा वैताग वेगळा. त्याचं कौतुक मी करत नाहीये.)

कंटाळा आला की आपण उंबऱ्यावरूनच परत फिरतो, हे मला फार खुपतं. थोडं थांबलं की मन आधी चुळबुळतं, मग कुठेतरी जाऊन बसतं. माझ्या कथेतली म्हातारी मुलाच्या एकाही प्रश्नाला उत्तर का देत नाही, हे मला कित्येक दिवस उमगत नव्हतं. मी तिचा राग रंगवत बसले होते. परवा तशीच भिंतीकडे बघत असताना एकदम लक्षात आलं, तिला ऐकूच येत नाहीये. आणि मुलाला ते माहीत नाही.

आधीची चार पानं फाडून टाकली.