कृत्तिकांचा बंध : एका प्रतिक्रियेला उत्तर

सलाम. तुमचं म्हणणं असं, की बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकात, ३८:३१ मध्ये, कृत्तिका बांधलेल्या आणि मृगाचे तारे सुटे सांगितले आहेत, आजचं खगोलशास्त्रही गुरुत्वाकर्षणाच्या आधारे तेच सांगतं, आणि हा पुरावा माझ्या लेखातून गाळून मी वचनाची धार घालवली. गाळला हे खरं, पण विचार करून गाळला.

आधी वचनच बघा. देव ईयोबाला विचारतो: तुला कृत्तिकांचे बंध बांधता येतील का? मृगाचे दोर सोडता येतील का? दोर सोडायचे म्हणजे मृग बांधलेलाच आहे की! तो सुटा असल्याचं तिथे कुठेच नाही. मृगाच्या मधल्या तीन ताऱ्यांचा 'कमरपट्टा'ही नाही, तो ग्रीकांच्या ओरायन या शिकाऱ्याचा. आपल्याकडे तेच तीन तारे व्याधाचा बाण होतात. मूळ हिब्रूत मृगासाठी नुसतं 'केसील', आणि याच शब्दाचा बायबलच्या नीतिसूत्रांत अर्थ होतो मूर्ख.

'बंध'साठी मूळ शब्द आहे 'माअदन्नोत'. जुन्या ग्रीक भाषांतरात त्याचं 'बंधन' झालं, तर १६११ च्या किंग जेम्स या इंग्रजी आवृत्तीत 'गोड प्रभाव', कारण ती अक्षरं सुख, आनंद या अर्थाच्या धातूशीही जुळतात. मला 'बंधन'च पटतं, पुढच्याच ओळीत दोर आहेत म्हणून. पण जो शब्द जाणत्यांनी दोन तऱ्हांनी वाचला, त्यावर गुरुत्वाकर्षणाचा सिद्धान्त टांगू नये.

आता आकाश. जानेवारीत रात्री नऊला मृगातल्या बाणाची रेघ वायव्येकडे वाढवा. हात लांब करून धरलेल्या साधारण दोन मुठींवर तांबूस रोहिणी, तिथून दीड मुठीवर, जवळजवळ डोक्यावर, कृत्तिकांचा पुंजका. तो गुरुत्वाकर्षणाने बांधलेला आहे, हे तुमचं बरोबर. पण तोही हळूहळू विखुरतोय. अंदाजे २५ कोटी वर्षांत पांगेल. 'देवाने बांधलं ते विज्ञानाने सिद्ध केलं' असं आज मंडळीत सांगितलं, तर उद्या हा आकडा वाचणाऱ्या तरुणाला काय उत्तर द्यायचं? त्याचा विश्वास आपणच चुकीच्या खुंटीला बांधलेला असेल. त्या अध्यायात ईयोबाला खगोलाचा धडा मिळत नाही. दुःखाचा जाब विचारणाऱ्या माणसाला, ही सृष्टी कोणाच्या हातात आहे, ते दाखवलं जातं.

आमोस या संदेष्ट्याच्या पुस्तकातलं ५:८ राहून गेलं ही तुमची दुरुस्ती मात्र अगदी योग्य. लेखात घातलं आहे, आधीच्या ओळीसकट. कृत्तिका आणि मृग घडवणाऱ्याचं नाव तिथे न्यायाचा कडू दवणा करणाऱ्यांना, म्हणजे न्याय नासवणाऱ्यांना, सुनावताना येतं, आणि ती ओळ सोडली तर आठवं वचन नुसतं आकाशाचं वर्णन वाटतं.