सेक्रेटरी कोण होणार?

महाराष्ट्रातल्या हाउसिंग सोसायट्यांना वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत उरकावी लागते. सभेच्या नोटिशीत तळाला एक ओळ असते: कोरम पुरा न झाल्यास सभा अर्ध्या तासाने त्याच जागी भरेल, तेव्हा कोरमची अट नाही. ही ओळ सगळे वाचतात. सगळ्यांनी ती वाचलीय, हेही सगळ्यांना ठाऊक असतं. त्यामुळे सहाच्या सभेला साडेसहाशिवाय कुणी फिरकत नाही.

समोरचा काय करील ते ओळखून आपण आपलं ठरवायचं, आणि तोही तेच करतोय हे धरून चालायचं. याला गेम थिअरी म्हणतात. एकट्यानेच चाल बदलून कुणालाच स्वतःचं भलं करता येत नाही, अशा स्थितीचा जॉन नॅशने १९५० साली सिद्धांत मांडला. सहाला एकट्याने जाऊन डास मारण्यात काय भलं होणार?

खरा डाव सेक्रेटरीच्या निवडीचा. गळती आणि पार्किंगवर तावातावाने बोललेली माणसं अचानक पंख्याकडे बघू लागतात. एकाने हे काम घेतलं की सगळ्यांचं भागतं, कुणीच घेतलं नाही तर सगळे बुडतात. आंद्रेआस डीकमान या जर्मन समाजशास्त्रज्ञाने १९८५ मध्ये याचं गणित मांडलं. समजा, कामाचा ताप त्याच्या फायद्याच्या निम्मा आहे. मग दोघंच असतील तर दोघांनीही हात वर न करण्याची शक्यता २५ टक्के. आमच्यासारखे २४ फ्लॅट असतील तर ती ५० टक्क्यांना टेकते. माणसं वाढली की हात कमी होतात, हे सांगायला जर्मनीहून कुणी यायची गरज नव्हती म्हणा.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "अहो, मी आनंदाने केलं असतं, पण लेकीकडे न्यूजर्सीला चाललेय ना! तिकिटं काढलीसुद्धा." स्वतःची वाट आधीच बंद केली की वळणं समोरच्याला भाग पडतं, असं २००५ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणारे थॉमस शेलिंग सांगत. सिंहगडावर सूर्याजीने दोर कापले ते याच हिशेबाने. फक्त मावळ्यांनी पुढे गड घेतला, काकूंनी दुसरा समोसा घेतला. तळमजल्यावरच्या आजोबांनी तर श्रवणयंत्रच काढून खिशात टाकलं. ज्याला ऐकूच येत नाही त्याला गळ घालता येत नाही, हेही शेलिंगनेच लिहून ठेवलंय.

शेवटी मागच्या वर्षी ठराव झाला: जो गैरहजर, तो सेक्रेटरी. एकमताने, कारण गैरहजर माणूस विरोध करायला नव्हता.

परिणाम असा की यंदा पावणेसहालाच २४ च्या २४ फ्लॅट हजर. कोरम पुरा, गैरहजर शून्य, सेक्रेटरी नाही. उठायची कुणाची छाती होईना. चेअरमनसाहेबांनी तर दुपारपासून पाणीही घेतलं नव्हतं. नऊच्या सुमारास खालून हॉर्न सुरू झाला. कुणाच्या तरी गाडीने गेट अडवलं होतं. वॉचमन वर येऊन नंबर वाचू लागला. गाडी माझी होती.

मी समोशाला चटणी मागितली.