‘नाव कापून टाका’ सांगणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

आमच्या बीडकडच्या जवळपास प्रत्येक ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. वर ‘आभा कार्ड हा सापळा आहे’, खाली लाल खुणांची रांग आणि शेवटी ‘जनहितार्थ’. म्हणणं थोडक्यात असं: आभा (सरकारी आरोग्य ओळख क्रमांक) काढलं की तुमचे सगळे आजार दिल्लीच्या कॉम्प्युटरात जातात आणि विमा कंपन्यांना विकले जातात, टीबी, शुगर किंवा एचआयव्हीची नोंद झाली की पाच लाखांचा विमा, रेशन आणि निराधारचा पगार बंद, कार्ड नसेल तर सरकारी दवाखान्यात केसपेपर निघणार नाही, ओटीपी दिला की बँक खातं साफ, आशा-अंगणवाडीच्या बायकांना मोबाईल कळत नाही, पैशासाठी त्या काहीही भरतात. आणि शेवटचा सल्ला, आधीच कुठे नोंद झाली असेल तर नाव कापून घ्या.

मी तो दोनदा वाचून सोडून दिला होता. पण माझी मावशी आशा कार्यकर्ती आहे, गावात घरोघरी आरोग्याचं काम करते. तिच्या वस्तीवर एका माणसाच्या टीबीच्या गोळ्या चालू आहेत. त्याच्या घरच्यांनी हाच मेसेज तिच्यापुढे धरला आणि म्हणाले, “ताई, आमच्या माणसाचं नाव कापा, गोळ्या आम्ही बाहेरून बघतो.” आता गप्प बसणं शक्य नाही.

सुरुवात टीबीपासूनच करते, कारण बाकीच्या मुद्द्यांनी मनस्ताप होईल, या मुद्द्याने माणूस मरेल.

टीबीची नोंद आभा कार्डामुळे सुरू झालेली नाही. टीबीचा प्रत्येक रुग्ण सरकारला कळवला पाहिजे हा आदेश मे २०१२ चा. रुग्णांच्या नोंदीचं ‘निक्षय’ पोर्टलही त्याच वर्षीचं. आभा ज्याचा भाग आहे ते आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर लागू झालं २७ सप्टेंबर २०२१ ला. दोन्ही नोंदी आता एकमेकींना जोडता येतात, पण आभा नाही म्हणून निक्षयमध्ये नाव नाही असं होत नाही, आणि आभा बंद केलं म्हणून टीबीचा उपचार थांबत नाही. मेसेज लिहिणाऱ्याने दोन्हींची खिचडी केली आणि वाचणाऱ्याने गोळ्या बंद करायचं ठरवलं.

नाव कापलं तर काय होतं ते सांगते. साध्या टीबीचा उपचार सहा महिन्यांचा. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. दुसऱ्या महिन्याच्या आसपास खोकला कमी होतो, ताप जातो, जेवण लागतं. माणसाला वाटतं, झालो बरा. सगळ्यात जास्त लोक गोळ्या सोडतात ते इथेच, आणि नेमकं याच वेळी बेडका पुन्हा तपासावा लागतो. औषध अर्ध्यात सुटलं तर उरलेले जंतू त्याच औषधाला दाद देईनासे होतात. मग वेगळ्या, जास्त जड औषधांचा उपचार, तोही घरात दोन-चार जणांना लागण झाल्यावर. जगातल्या एकूण टीबी रुग्णांपैकी साधारण पाव रुग्ण आपल्या देशात आहेत. अशा देशात ‘नोंद काढून घ्या’ असा सल्ला वाटणाऱ्याला मी जनहितवाला म्हणणार नाही.

आमच्या भागात तर या नोंदीचं मोल आणखी जास्त. दिवाळी झाली की इथल्या टोळ्या ऊसतोडीला निघतात. उचल घेतलेली असते, त्यामुळे आजारी असलं तरी जावंच लागतं. ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची तोडणारी जोडी. एक जण बसला तर दुसऱ्याचंही काम अडतं. पूर्वी असा पेशंट गेला की त्याचं उपचाराचं कार्ड घरी पत्र्याच्या पेटीत राहायचं आणि तो सांगली-कोल्हापूरकडच्या कुठल्यातरी फडात. तिथल्या दवाखान्यात विचारलं, कोणत्या गोळ्या, किती महिने झाले, तर उत्तर ‘लाल होत्या’. निक्षयचा नंबर जवळ असला की तिथली सिस्टर उपचार कधी सुरू झाला, कोणती औषधं चालू आहेत आणि शेवटची तपासणी कधी झाली ते पाहू शकते आणि केस आपल्याकडे वर्ग करून घेऊ शकते. मावशी टोळी निघायच्या आधी पेशंटच्या मोबाईलच्या कव्हरमागे हा नंबर चिठ्ठीवर लिहून ठेवते, कारण कागद हरवतो आणि मोबाईल सहसा हरवत नाही. डिजिटल आरोग्य म्हणून जे काही चाललंय, त्यातलं मी जवळून पाहिलेलं सगळ्यात उपयोगी काम हे आहे.

नोंद असली की उपचार चालू असेपर्यंत आहारासाठी महिन्याला पैसे खात्यावर येतात. एप्रिल २०१८ पासून ते ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० आहेत. घरातल्या लहान मुलांची तपासणी होते, त्यांना प्रतिबंधक औषध मिळतं. नाव कापलं की हेही जातं.

आणि ‘निराधारचा पगार बंद’ हे तर उघड खोटं आहे. संजय गांधी निराधार योजनेचे निकष वाचा. क्षयरोग, कर्करोग, एड्स, कुष्ठरोग अशा आजारांमुळे ज्यांना कमावता येत नाही ते या योजनेला पात्र आहेत. ज्या आजाराच्या नोंदीने पगार बंद होईल म्हणून घाबरवलं जातंय, तोच आजार पगार मिळण्याचं कारण ठरू शकतो. ही भीती घालून किती लोकांचा हक्काचा अर्ज राहून जाईल, याचा विचार मेसेज पुढे ढकलणाऱ्याने करावा. रेशनकार्डावर तर आजाराचा रकानाच नाही.

आता विम्याचं. आभा कार्ड आणि आयुष्मान कार्ड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दोन्हींत ‘आयुष्मान’ शब्द असल्याने लोकांचा गोंधळ होतो हे मला मान्य आहे. आभा म्हणजे ‘आयुष्मान भारत हेल्थ अकाउंट’, फक्त १४ आकडी ओळख क्रमांक. त्याने कुणाला पाच लाख मिळत नाहीत आणि कुणाचे पाच लाख जातही नाहीत. पाच लाखांपर्यंतचा उपचार मिळतो तो आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेतून, आणि त्या योजनेत आधीपासून असलेले आजार पहिल्या दिवसापासून धरले जातात. ‘शुगर नोंदली म्हणून विमा गेला’ असं तिथे होऊच शकत नाही. खासगी पॉलिसीची गोष्ट वेगळी, पण तिच्या अर्जात जुने आजार आधीपासूनच लिहावे लागतात आणि लपवले तर नंतर क्लेम अडकतो. ते आभाच्या कितीतरी आधीचं आहे.

‘सगळे आजार दिल्लीच्या कॉम्प्युटरात’ या वाक्यावर बोलायचं तर एक कागद वाचायला हवा: डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेलं आरोग्य डेटा व्यवस्थापन धोरण. मी ते वाचलंय आणि मेसेजच्या निम्म्या मुद्द्यांचं उत्तर त्यात आहे. आभा ऐच्छिक आहे. क्रमांक नाही म्हणून कुणालाही आरोग्यसेवा नाकारता येत नाही. रिपोर्ट ज्या दवाखान्यात किंवा लॅबमध्ये तयार झाला तिथेच राहतो. दुसऱ्या डॉक्टरला तो हवा असेल तर तुमच्या मोबाईलवर विनंती येते. कोण मागतंय, कशासाठी, कोणत्या काळातले कागद आणि किती दिवसांसाठी, हे त्यात लिहिलेलं असतं. तुम्ही नाही म्हणू शकता. दिलेली संमती परत घेऊ शकता.

त्यामुळे ‘कार्ड नसेल तर केसपेपर नाही’ हाही मुद्दा तिथेच संपतो. कुठल्या खिडकीवर कुणी असं म्हणालं तर त्याला हे धोरण दाखवा, नाहीतर मेडिकल ऑफिसरकडे लेखी द्या. असं म्हणणारे आहेत. उद्दिष्ट पूर्ण करायचं असतं म्हणून खिडकीवरचा माणूस ‘आधी आभा काढून आणा’ म्हणतो, हे मी स्वतः ऐकलंय. ते चूक आहे, पण ती त्या खिडकीची चूक आहे, नियम तसा नाही.

एचआयव्हीचं नाव मेसेजमध्ये घालणं मला सगळ्यात हीन वाटलं. २०१७ चा एचआयव्ही-एड्स प्रतिबंध कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे आणि त्या व्यक्तीच्या संमतीशिवाय तिची स्थिती उघड करण्यावर त्याने बंदी घातली आहे. आधीच दडपणाखाली असलेल्या माणसाला एआरटी केंद्राच्या, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथल्या, दारातून मागे फिरवणारं वाक्य कुणीतरी घरी बसून टाईप करतं, याचा मला राग येतो.

ओटीपीबद्दल दोनच वाक्यं. आभाच्या ओटीपीने बँकेतले पैसे जात नाहीत, पण कार्डाच्या नावाने फोन करून ओटीपी मागणारे भामटे खरेच आहेत. म्हणून समोर बसलेल्या ओळखीच्या माणसालाही ओटीपी द्यायच्या आधी मेसेजमध्ये तो कशासाठी आहे ते वाचा, आणि फोनवर कुणालाच देऊ नका.

आता आशा आणि अंगणवाडीच्या बायकांबद्दल. इथे मी जरा जास्त बोलणार आहे.

‘त्यांना मोबाईल कळत नाही.’ कुणी सांगितलं? ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले हजारो मोबाईल परत केले, ते मोबाईल कळत नव्हता म्हणून नव्हे. हँडसेट जुने आणि निकृष्ट होते, तापत होते, बंद पडत होते, आणि पोषण ट्रॅकर ॲप इंग्रजीत होतं. मराठीत बोलणाऱ्या, मराठीत रजिस्टर लिहिणाऱ्या बाईच्या हातात इंग्रजी ॲप द्यायचं आणि मग तिला अडाणी म्हणायचं, हा अन्याय आहे.

मावशीचं काम बघा. सकाळी गृहभेटी. गरोदर बाईचं वजन, बीपी, गोळ्या हे आधी वहीत, मग माता-बाल संरक्षण कार्डावर. दुपारी उपकेंद्रात सिस्टरच्या रजिस्टरशी मेळ. तीच माहिती मग मोबाईलवर, आणि एका ॲपवर काम भागत नाही. घरात रेंज नाही, म्हणून संध्याकाळी ती पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर जाऊन बसते. तिथे एक दांडी येते. सर्व्हर थांबला की भरलेला फॉर्म कोरा होतो आणि पुन्हा पहिल्यापासून. यात एखादं नाव दोनदा पडतं, एखादी तारीख चुकते. हो, चुका होतात. पण त्या होतात एकच माहिती चार ठिकाणी लिहायला लावल्यामुळे. नवं ॲप आलं की तालुक्याला एक मीटिंग होते, गटप्रवर्तक (आशांवर देखरेख करणारी) पडद्यावर स्लाईड दाखवते, पुढच्या आठवड्यापासून आकडे मागायला सुरुवात. हाताला धरून शिकवणं, अडलं तर फोनवर मराठीत सांगणारं माणूस, डेटा पॅकचे पैसे वेळेवर, हे झालं असतं तर निम्म्या चुका झाल्याच नसत्या. मावशी आणि तिच्या गटातल्या बायका एकमेकींना व्हॉइस नोट पाठवून शिकल्या. कौशल्य त्यांनी स्वतः कमावलंय, व्यवस्थेने दिलेलं नाही.

‘दर कार्डामागे पैसे’ म्हणून हिणवणाऱ्यांना एवढंच सांगते की आशांच्या उत्पन्नाचा एक भाग कामागणिक मोबदल्यावर चालतो, प्रसूतीला सोबत गेलं त्याचे, लसीकरण पूर्ण करून घेतलं त्याचे. ती पद्धत त्यांनी ठरवलेली नाही, उलट निश्चित वेतन द्या म्हणून त्या वर्षानुवर्षं संप करतायत.

मेसेजमधली एक भीती, आपली माहिती न विचारता घेतली जाण्याची आणि बाहेर जाण्याची, मात्र निराधार नाही, आणि ती मला नाइलाजाने मान्य करावी लागते. २०२१ मध्ये लस घेताना ज्यांनी आधार दाखवलं, त्यातल्या अनेकांचा आरोग्य क्रमांक, म्हणजे आजचं आभा, त्यांना नीट न विचारता तयार झाला. सर्टिफिकेट हातात आल्यावर लोकांना ते कळलं. धोरणात संमतीबद्दल लिहायचं आणि रांगेत उभ्या माणसाला विचारायचं नाही, यामुळेच असे मेसेज खपतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि देशातलं इतकं मोठं सरकारी रुग्णालय कित्येक दिवस हाताने कागद लिहीत होतं. जून २०२३ मध्ये कोविन या लसनोंदणीच्या पोर्टलवरची वाटणारी माहिती टेलिग्रामच्या एका बॉटवर दिसू लागली. थेट कोविनमधून गळती झाल्याचं सरकारने नाकारलं, पण लोकांचे तपशील बाहेर दिसले ही गोष्ट राहतेच. शिवाय मी वर ज्या धोरणाचा इतका आधार घेतला ते धोरण आहे, संसदेने केलेला कायदा नव्हे. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ ला झाला आणि त्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला. आणि ज्या म्हातारीकडे स्वतःचा मोबाईल नाही, तिची संमती नातवाच्या मोबाईलवर जाते. मग संमती तिची की नातवाची? याचं समाधानकारक उत्तर मला धोरणात सापडलं नाही.

हे प्रश्न ग्रामसभेत विचारा, रुग्ण कल्याण समितीत विचारा. मार्च २०२४ मध्ये टीबीच्या औषधांचा तुटवडा पडला आणि केंद्राने राज्यांना स्थानिक खरेदी करायला सांगितलं, तेव्हा असा एकही मेसेज आमच्या ग्रुपवर फिरला नाही. फिरायला हवा होता.

ज्यांना आभा नकोच आहे, त्यांनी खुशाल बंद करावं. आभाच्या संकेतस्थळावर लॉगिन केलं की प्रोफाईलमध्ये क्रमांक तात्पुरता निष्क्रिय करायचा किंवा कायमचा काढून टाकायचा पर्याय आहे. मदत हवी असेल तर १४४७७ हा टोल फ्री नंबर आहे. त्यासाठी आशाताईशी भांडायची गरज नाही आणि चालू गोळ्या थांबवायची तर नाहीच. टीबीबद्दल काहीही विचारायचं असेल तर १८००-११-६६६६ वर विचारा, फोन फुकट आहे.