इनेनीने कारागिरांची हत्या केल्याचा दावा निराधार आहे

पहिला थुटमोस या इजिप्शियन राजाच्या कबरीची जागा गुप्त राहावी म्हणून त्याचा स्थपती इनेनी याने खोदकाम करणाऱ्या सर्वांना ठार केले, असा मजकूर सध्या फिरत आहे. थीब्ज या प्राचीन इजिप्शियन शहरातील इनेनीच्या थडग्यातील आत्मवृत्तात मात्र राजाच्या कबरीचे खोदकाम आपण एकट्याने, ‘कोणी न पाहता, कोणी न ऐकता’ करवून घेतले, एवढेच म्हटले आहे. हत्येचा त्यात उल्लेखही नाही. उलट, राजांच्या कबरी खोदणाऱ्यांचे देर अल-मदिना हे गाव, ज्याच्या जुन्या तटाच्या विटांवर याच थुटमोसच्या नावाचे ठसे आहेत, पुढे सुमारे ४०० वर्षे नांदते राहिले आणि तेथे बापाचे कसब मुलाकडे जात असे. असे कसबी हात कोणते राज्य स्वतःहून तोडील?

पहिला आमेनहोतेप या राजापासून हत्शेपसूत या राणीच्या काळापर्यंत सेवा केलेला इनेनी अमून देवाच्या कोठारांचाही अधिकारी होता. कर्नाकच्या मंदिरात त्याच्या देखरेखीखाली उभारलेल्या दोन ओबेलिस्कांपैकी (टोकदार माथ्याच्या उंच, चौकोनी दगडी स्तंभांपैकी) एक आजही उभा आहे. त्याच्याच थडग्यात त्याच्या बागेतील खजूर, उंबर आदी झाडांची मोजणी लिहिलेली आढळते. एवढ्या मोठ्या कारकिर्दीच्या माणसावर पुराव्याविना खुनाचा आरोप करणे अन्यायाचे आहे.