एआय जरूर वापरा, पण आधी पेशंटजवळ जा

एमबीबीएसनंतर स्पेशलायझेशनच्या प्रवेशासाठी असलेल्या नीट-पीजी परीक्षेची तयारी करणाऱ्या आम्हा इंटर्न्समध्ये सध्या एक वाद रोज रंगतो. रेडिओलॉजी घ्यावी की नाही? उद्या एआयच एक्स-रे वाचणार असेल तर आपण तीन वर्षं घालवून काय करायचं? एआयच्या पायाभूत संशोधकांपैकी एक असलेल्या जेफ्री हिंटन यांनी २०१६ मध्येच सांगून टाकलं होतं की नवे रेडिओलॉजिस्ट घडवणं आता थांबवा, पाच वर्षांत यंत्र त्यांच्या पुढे जाईल. ती पाच वर्षं केव्हाच उलटली आणि रेडिओलॉजिस्ट आजही कमीच पडतात. नोकरीची भीती मला समजते. पण आपलं शिकणंच हातातून निसटतंय, याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

मी एआयच्या विरोधात नाही. छातीचा एक्स-रे बघून टीबीचा संशय सांगणारं सॉफ्टवेअर १५ वर्षांवरच्यांच्या तपासणीत वापरावं, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये केली. असं सॉफ्टवेअर मुंबईतही तयार होतं. ज्या ग्रामीण रुग्णालयात एक्स-रे निघतो पण वाचायला कुणी नसतं, तिथे त्याचा केवढा आधार आहे!

पण गेल्या पावसाळ्यातली कॅज्युअल्टी डोळ्यांसमोरून जात नाही. पंचविशीतला मुलगा, उलट्या, पोटात कळा, अंगावरचा शर्ट घामाने चिंब. शेजारच्या ज्युनिअरने तेवढं फोनवर टाइप केलं. गॅस्ट्रो, अन्नविषबाधा, स्वादुपिंडाची सूज अशी यादी आली. यादीत चुकीचं काहीच नव्हतं. तेवढ्यात सिस्टरनी डोळ्यांवर टॉर्च मारला, तर बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. "फवारणीला गेला होतास का रे?" सकाळपासून कपाशीवर पंप मारत होता. लगेच कीटकनाशकाच्या विषावर उतारा म्हणून अ‍ॅट्रोपिन सुरू झालं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त माणसं गेली. आपल्या भागात हा प्रश्न पहिल्या मिनिटात विचारायचा असतो. फोनला फवारणीचं माहीत नव्हतं, कारण पेशंटला तोवर कुणी विचारलंच नव्हतं.

आणि हे फक्त विद्यार्थ्यांचंच होतं असं नाही. पोलंडमध्ये कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी) करणाऱ्या अनुभवी डॉक्टरांवरचा अभ्यास २०२५ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय प्रकाशनाच्या एका नियतकालिकात आला. एआय हाताशी आल्यानंतर याच डॉक्टरांनी एआयशिवाय केलेल्या तपासण्यांत, गाठी सापडण्याचं प्रमाण २८.४ टक्क्यांवरून २२.४ टक्क्यांवर आलं होतं. एका अभ्यासावरून निकाल लावू नये, मान्य. पण मुरलेल्या नजरेचं असं होत असेल, तर ज्यांची नजर अजून तयारच व्हायचीय त्यांचं काय?

आम्हाला एआय शिकवा, पण त्याला उलटे प्रश्न कसे विचारायचे ते शिकवा. '९० टक्के अचूक' ऐकलं की आम्ही हुरळतो. हजार माणसांत दहा जणांना आजार आहे असं धरा. आजारी आणि निरोगी, दोन्ही ९० टक्के वेळा बरोबर ओळखणारं यंत्र दहापैकी नऊ पकडेल, आणि सोबत ९९ धडधाकट माणसांनाही आजारी ठरवेल. हे गणित आम्ही पीएसएमच्या (सामाजिक आरोग्य या विषयाच्या) पेपरपुरतं पाठ करतो आणि वॉर्डात विसरतो. पेशंटचं नाव दिसणाऱ्या केसपेपरचा फोटो सरळ चॅटबॉटला टाकणारेही आमच्यातच आहेत, आणि ते मला अजिबात मान्य नाही. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) २०२३ मध्ये एआयसाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. ती आमच्यापैकी किती जणांनी उघडून पाहिली?

सर, मॅडम, एक मनापासून विनंती. क्लिनिकल पोस्टिंगला विद्यार्थ्याने आधी स्वतः हिस्ट्री घ्यावी, पेशंट तपासावा, आपलं निदान कागदावर लिहून खाली सही करावी. मग खुशाल एआयला विचारावं. दोघांत फरक पडला तर तो का पडला, हे पेशंटच्या खाटेशी उभं राहून सगळ्या युनिटसमोर मांडावं. यासाठी नवा अभ्यासक्रम नको, वेगळा निधीही नको. तुमच्या कॉलेजात एखाद्या युनिटने हे सुरू केलं असेल तर कमेंटमध्ये नक्की लिहा, आमच्या एचओडींना दाखवायचंय.