पोर्टला व्हीलॅन हाताने लावायचा की नाही?

ऑफिसातल्या केबली ज्या स्विचला जोडतात, त्याच्या एकेका पोर्टला व्हीलॅन (एकाच स्विचवर पाडलेलं वेगळं नेटवर्क) हाताने लावायचा का, असा तलावपाळीच्या कट्ट्यावर परवा विषय निघाला आणि आमचे दोघे जुंपले. एक महाप्याच्या डेटा सेंटरमधला, म्हणून त्याचं नावच ‘महापे’. दुसरा वागळे इस्टेटमधल्या छोट्या ऑफिसांची नेटवर्कं सांभाळतो, तो ‘वागळे’.

महापे म्हणाला, “स्विचवर बसून एकेका पोर्टला व्हीलॅन कोण लावतं अजून? ८०२.१एक्स लाव, म्हणजे केबल खुपसली की आधी लॉगिन. माणूस लॉगिन झाला की ते तपासणारा रेडियस सर्व्हरच सांगेल, ह्याला व्हीलॅन २० मध्ये टाक, त्याला ३० मध्ये. टेबल बदललं तरी डोक्याला ताप नाही.”

“आणि जुन्या प्रिंटरला लॉगिन कोण शिकवणार? तुझे काका?”

“त्याला मॅक ॲड्रेसवर, म्हणजे त्याच्या नेटवर्क कार्डाच्या नंबरवर सोडायचं.”

“तो प्रिंटरच्या पाठीवर छापलेला असतो, राजा! वाचला, लॅपटॉपला चढवला, की घुसलाच आत.”

मी वागळेच्या बाजूचा. चाळीस-पन्नास टेबलांच्या ऑफिसात रेडियस सर्व्हर बंद पडला तर सकाळी अख्खं ऑफिस हात बांधून बसतं. त्यापेक्षा ॲक्सेस पोर्ट (एका टेबलावरच्या यंत्रासाठीचा), एक व्हीलॅन, डिस्क्रिप्शनमध्ये टेबलाचा नंबर. रिकामे पोर्ट शटडाऊन करून कुठेच न जाणाऱ्या व्हीलॅनमध्ये. ते स्विचच्या मूळच्या व्हीलॅन १ मध्ये तसेच सोडणाऱ्यांना काय म्हणावं!

खरी गंमत ट्रंकवर, म्हणजे अनेक व्हीलॅन एकत्र नेणाऱ्या स्विच-स्विचमधल्या जोडणीवर होते. वागळेने एका क्लायंटकडचा किस्सा सांगितला. तिथल्या पोराला सिस्को कंपनीच्या स्विचच्या ट्रंकवर व्हीलॅन ४० वाढवायचा होता. त्याने मारलं ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ४०’. मधला ‘ॲड’ राहिला. त्याने यादीत भर पडत नाही, जुनी यादी पुसून एकटा ४० उरतो. बाकीचे सगळे व्हीलॅन गुल, आणि पोरगा स्विच सांभाळायच्या ज्या मॅनेजमेंट व्हीलॅनमधून घरून आत शिरला होता तोही. नशीब, कॉन्फिग (स्विचची सेटिंग) सेव्ह केलं नव्हतं. वॉचमनला फोन करून स्विचचा प्लग काढून परत लावायला सांगितला, जुनं कॉन्फिग परत आलं.

“लांबून ट्रंकला हात लावताना आधी ‘रीलोड इन १०’ मारायचं,” महापे म्हणाला. “लटकलास तर दहा मिनिटांनी स्विच आपोआप रीबूट होतो. काम जमलं तर ‘रीलोड कॅन्सल’, मग सेव्ह.” यावर वागळेनेही मान डोलावली.

मग महापेने परत घोडं पुढे दामटलं, “मीटिंग रूमला तरी ८०२.१एक्स लावशील?”

“तिथे लाव. तिथे कोण येऊन केबल खुपसेल, काय नेम?”

“म्हणजे रेडियस आलाच की!”

“आला. पण अकाउंट्सच्या पोर्टला हात लावायचा नाही.”